लस घेतलेल्या घरात कोविड शिरला तर: पहिल्या दिवसापासून पुन्हा कामाला लागेपर्यंत

घरात पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की पाठोपाठ प्रश्न येतो: सगळ्यांनी लस घेतली होती ना, मग हे कसं? लशीमुळे रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं काही महिन्यांत उतरणीला लागतात. नाकाघशाच्या अस्तरावरचा पहारा मुळातच कमजोर असतो, त्यामुळे विषाणू तिथे ठाण मांडू शकतो. मात्र लशीने तयार केलेल्या स्मृतिपेशी बराच काळ टिकतात. लागण झाली की त्या काही दिवसांत कामाला लागतात आणि विषाणूला फुप्फुसांत खोलवर जाण्यापासून बऱ्याच अंशी रोखतात. म्हणून लस घेतलेले बहुतेक जण ताप, घसा, खोकला, अंगदुखी एवढ्यावर सुटतात. वय ६५ च्या पुढे असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, केमोथेरपी चालू असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर लस घेऊनही आजार वाढू शकतो. अशा माणसाकडे पहिल्या दिवसापासून वेगळं लक्ष द्यावं लागतं.

हा लेख एकामागून एक तीन-चार माणसं आडवी पडलेल्या घरासाठी आहे. अशा घरात सगळ्यात मोठा घोळ दिवस मोजण्यात होतो. कोणाचा ताप कधी सुरू झाला, गोळी किती वाजता दिली, आजींचा आज चौथा दिवस की सहावा, हे तिसऱ्या दिवसापर्यंत कोणालाच धड सांगता येत नाही. आणि डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

१. आधी ही सामग्री एका जागी आणा

ताप चढल्यावर शोधाशोध करायला कोणाच्या अंगात त्राण नसतं. म्हणून पहिली टेस्ट पॉझिटिव्ह येताच, किंवा त्याही आधी, हे गोळा करा.

कागदपत्रं:
- प्रत्येकाच्या लशीची नोंद: लशीचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख
- प्रत्येकाच्या रोजच्या औषधांची यादी, मात्रेसह, आणि औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ती
- क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट (विषाणूविरोधी गोळ्यांचा डोस मूत्रपिंडाचं काम पाहून ठरतो)
- लहान मुलांचं आजचं वजन
- टेस्टच्या निकालाचा फोटो, तारीख आणि वेळेसह
- विमा असेल तर पॉलिसीचे तपशील

साधनं:
- डिजिटल थर्मामीटर आणि पल्स ऑक्सिमीटर, दोन्हींच्या जादा बॅटऱ्या
- पॅरासिटामॉल: मोठ्यांसाठी गोळ्या, मुलांसाठी सिरप, आणि औषध मोजायची बिनसुईची सिरिंज
- ओआरएसची पाकिटं
- एन-९५ किंवा त्याच दर्जाचे मास्क
- अँटिजेन टेस्टचे किट, माणशी किमान दोन
- घरात मधुमेही असेल तर ग्लुकोमीटर आणि पुरेशा पट्ट्या

कागदपत्रांचे फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा. एकच मोबाइल असेल आणि तोच नेमका रुग्णाबरोबर गेला, तर मागे राहिलेल्यांच्या हातात काहीच उरत नाही.

२. हा लशीचा ताप आहे की लागण?

नुकताच डोस घेतला असेल तर हा प्रश्न पडणारच. लशीचा ताप साधारण पहिल्या दोन दिवसांत येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. सोबत दंड दुखतो, अंग मोडून येतं, कधी काखेत गाठ जाणवते. खोकला, नाक वाहणं, घसा दुखणं, वास जाणं ही लशीची लक्षणं नाहीत. यातलं एक जरी दिसलं तरी टेस्ट करा. तिसऱ्या दिवसानंतरही ताप टिकला तर खोकला नसला तरी टेस्ट करा.

लशीमुळेच कोविड झाला, असं ऐकू येतं. वापरात असलेल्या एकाही कोविड लशीत जिवंत कोरोना विषाणू नसतो, त्यामुळे लशीतून लागण होऊ शकत नाही. डोसनंतर पूर्ण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढ्यात आजार झाला, तर विषाणू डोसच्या आधीच अंगात शिरलेला असतो किंवा त्या दोन आठवड्यांत बाहेरून आलेला असतो.

३. टेस्ट: एका निगेटिव्हवर विश्वास ठेवू नका

लस घेतलेल्यांच्या शरीराला विषाणूची चाहूल लवकर लागते. त्यामुळे विषाणूची संख्या पुरेशी वाढायच्या आधीच घसा दुखू लागतो, ताप येतो. त्या पहिल्या दिवशी अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह येणं अगदी सामान्य आहे. लक्षणं असतील तर ४८ तासांनी दुसरी टेस्ट करा. लक्षणं नाहीत पण घरातल्या बाधिताच्या संपर्कात आहात, तर ४८-४८ तासांच्या अंतराने तीन टेस्ट करा. मधल्या काळात स्वतःला बाधित समजूनच वागा.

किट फ्रिजमध्ये असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. निकाल किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचा. वेळेआधी पाहिला तर रेघ उमटलेली नसते, आणि दोन तासांनी कचऱ्यातून काढून पाहिलेल्या रेघेला काही अर्थ नसतो. ठरलेल्या वेळेत कंट्रोलची रेघ आहे आणि टेस्टच्या जागी अगदी फिकट रेघ दिसते आहे, तर ती टेस्ट पॉझिटिव्हच.

आरटीपीसीआर जास्त नेमकी आहे, पण ‘आता बरा झालो का’ हे पाहायला ती वापरू नका. विषाणूचे मृत तुकडे आठवडेच्या आठवडे सापडत राहतात आणि बऱ्या झालेल्या माणसाची टेस्टही पॉझिटिव्ह येते. रिपोर्टवरच्या सीटी व्हॅल्यूवरून (विषाणू सापडायला यंत्राला किती फेऱ्या लागल्या तो आकडा) आजार किती गंभीर होईल हे ठरवता येत नाही. सौम्य आजारात छातीचा सीटी स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी स्वतःहून करून घेण्यानेही काही हाती लागत नाही.

४. वही घाला

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. साधी शाळकरी वही चालेल. प्रत्येक माणसाला स्वतंत्र पान. पानाच्या वरच्या ओळीत नाव, वय, वजन, नेहमीचे आजार, आणि ठळक अक्षरांत ‘दिवस शून्य’ची तारीख. दिवस शून्य म्हणजे पहिलं लक्षण दिसलं तो दिवस. टेस्ट दोन दिवसांनी पॉझिटिव्ह आली तरी मोजणी लक्षणापासूनच. लक्षणं अजिबात नसतील तर टेस्टचा दिवस धरा.

खाली रकाने आखा: वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, दिलेलं औषध आणि मात्रा, पाणी व लघवी, इतर. भरलेली ओळ अशी दिसेल: ‘दिवस ३, सकाळी ८, ताप १०१.२, ऑक्सिजन ९७, नाडी ९२, पॅरासिटामॉल ५०० ची १, पाणी २ पेले, लघवी झाली, रात्री खोकल्याने झोप नाही.’ सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना मिळून चार नोंदी पुरतात. औषध दिलं की मात्र तेव्हाच लिहा. ‘नंतर लिहू’ म्हटलं की दुसरं कोणीतरी तीच गोळी पुन्हा देतं.

दिवसांचा हिशोब तीन ठिकाणी लागतो. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या पाच दिवसांतच सुरू कराव्या लागतात. आजार बळावायचा असेल तर तो बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बळावतो, म्हणजे ताप उतरून सगळे निर्धास्त झालेले असतात तेव्हा. आणि विलगीकरण कधी संपवायचं हे ठरवतानाही वहीतल्या तारखा आणि तापाच्या नोंदी लागतात. घरातल्या पहिल्या माणसाचा आठवा दिवस हा शेवटच्या माणसाचा तिसरा असू शकतो. पहिला बरा झाला म्हणून वही बंद करू नका.

५. खोली आणि हवा

हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, म्हणून हवा बदलण्यावर भर द्या. समोरासमोरच्या खिडक्या उघडा. रुग्णाच्या खोलीचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा. खिडकीत पंखा ठेवत असाल तर त्याचं तोंड बाहेरच्या दिशेला असू द्या. तो आतल्या दिशेला वळवला तर खोलीतली हवा दाराच्या फटीतून उरलेल्या घरात ढकलली जाते. न्हाणीघर एकच असेल तर रुग्णाने शेवटी वापरावं आणि नंतर अर्धा तास खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवावा.

मास्क रुग्णानेही लावायचा, शुश्रूषा करणाऱ्यानेही. गालाजवळ फट राहिली तर एन-९५ ला अर्थ उरत नाही. जोरात फुंकर मारून पाहा, डोळ्यांकडे हवा आली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबा. रुग्णाच्या खोलीत मास्क काढून एकत्र जेवायला बसलं तर दिवसभर घेतलेली सगळी काळजी तिथे वाया जाते.

सगळेच पॉझिटिव्ह असतील तर आपापसांत वेगळं राहायची गरज नाही. बाधितांनी एकत्र राहून एकमेकांची काळजी घ्यावी आणि जो अजून निगेटिव्ह आहे त्याला वाचवावं. वेगळी खोली त्याला द्या. भांडी, कपडे नेहमीसारखे साबणाने धुतले की पुरे. भाज्या आणि पाकिटं पुसत बसण्यात दमू नका.

६. ताप: गोळी, मात्रा आणि चमच्याची चूक

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास अंतर. २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. घरी स्वतःहून घेताना ३ ग्रॅमवर थांबणं जास्त सुरक्षित. यकृताचा आजार, रोजचं मद्यपान किंवा ५० किलोपेक्षा कमी वजन असेल तर मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ताप थोडा असेल आणि माणूस खातपीत, बोलत असेल तर गोळी दिलीच पाहिजे असं नाही. गोळीने विषाणू मरत नाही, माणसाला आराम पडतो.

मोठी फसगत सर्दीच्या मिश्र गोळ्यांत आहे. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची तिसरी असं घेताना एकच औषध तीन नावांनी पोटात जातं. पाकिटावरचं घटकाचं नाव वाचा आणि वहीतही ब्रँडऐवजी घटकाचं नाव लिहा.

मुलांची मात्रा वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. १२ किलोच्या मुलाला म्हणजे १२० ते १८० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर ५ ते ७.५ मिलिलिटर. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर जेमतेम २.५ ते ३.५ मिलिलिटर. १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर १.२ ते १.८ मिलिलिटर. जुनी बाटली संपली, नवी दुप्पट तीव्रतेची आली आणि हात सवयीने ७.५ पर्यंत गेला, तर ३७५ मिलिग्रॅम पोटात गेलं, म्हणजे जास्तीत जास्त मात्रेच्याही दुप्पट. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, तो कधी ३ मिलिलिटरचा असतो, कधी ७ चा. सिरिंजच वापरा आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी औषध देत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

विषाणूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. त्यातून रेय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताला धोका पोचवणारा आजार होऊ शकतो. आसपास डेंग्यूचेही रुग्ण असतील तर निदान पक्कं होईपर्यंत मोठ्यांनीही आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती परस्पर बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा.

ताप मोजतानाही चुका होतात. गरम किंवा गार काही प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून तोंडात थर्मामीटर लावा. काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सियस कमी येतं. कुठे मोजलं तेही लिहा आणि रोज त्याच जागी मोजा.

७. ऑक्सिजन कसा मोजायचा

ऑक्सिमीटर आल्या आल्या आधी घरातल्या धडधाकट माणसाच्या बोटावर लावून पाहा. तिथेच ९१ दाखवत असेल तर बॅटरी बदला, नाहीतर यंत्र बदला.

रुग्णाला पाच मिनिटं शांत बसू द्या. बोट गार असेल तर चोळून ऊब आणा. नेलपॉलिश काढा. मधलं किंवा तर्जनी बोट पूर्ण आत सरकवा, हात छातीच्या पातळीवर टेकवून स्थिर ठेवा. पहिले काही सेकंद आकडा नाचतो, तो लिहू नका. मिनिटभर थांबून जो स्थिरावेल तो लिहा. पडद्यावर दोन आकडे असतात, ऑक्सिजन आणि नाडी. बोटाची दिशा बदलली की काही यंत्रांत पडदा उलटा होतो आणि नाडीचा ८८ ऑक्सिजनचा समजून सगळं घर घाबरतं. उलटंही घडतं, ते जास्त वाईट: ऑक्सिजन ८८, नाडी ९६, आणि लिहिलं जातं ९६.

९५ किंवा जास्त असेल तर ठीक. ९३-९४ आला तर दुसऱ्या हाताच्या बोटावर पुन्हा मोजा, आणि तोच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ९२ किंवा कमी असेल तर रुग्णालय. दमेकऱ्यांचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, तो डॉक्टरांकडून आधीच माहीत करून घ्या. उंच डोंगराळ प्रदेशातही आकडा मुळात कमी असतो. त्वचा सावळी किंवा काळी असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून कालच्यापेक्षा आज किती उतरला याकडेही लक्ष द्या. कोविडमध्ये ऑक्सिजन बराच उतरूनही माणसाला धाप जाणवत नाही असं घडतं. ‘मला काही होत नाहीये’ एवढ्यावर मोजणं सोडू नका.

पाचव्या ते दहाव्या दिवसात चालण्याची चाचणीही उपयोगी पडते. आकडा लिहा, खोलीतच सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चाला, पुन्हा लिहा. ९४ च्या खाली गेला किंवा तीन अंकांनी उतरला तर डॉक्टरांना कळवा. बसल्या जागीच आकडा ९४ किंवा कमी असेल, चक्कर येत असेल, किंवा जवळ कोणी नसेल तर ही चाचणी करू नका.

८. पाणी, खाणं, झोप

दिवसातून दर सहा-आठ तासांनी तरी लघवी झाली पाहिजे आणि ती फिकट पिवळी असावी. गडद झाली की पाणी कमी पडतंय. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस द्या. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं आहे तेवढ्यातच सगळं पाकीट विरघळवा. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मुलाच्या शरीरात मिठाचं प्रमाण धोकादायक वाढतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. २४ तासांनंतर उरलेलं टाकून द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल त्यांनी आधी विचारून घ्यावं.

खाण्यात पथ्य नाही. जे घशाखाली उतरेल ते थोडं थोडं द्या. वाफ घेतल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, विषाणू मरत नाही. उकळत्या पाण्याचं भांडं मात्र मुलांना भाजण्याचं मोठं कारण आहे, म्हणून मुलांना वाफ देऊच नका.

९. चालू औषधं आणि नवी औषधं

रक्तदाबाची, हृदयाची, दम्याची रोजची औषधं स्वतःहून थांबवू नका. मधुमेहात आजारपणामुळे साखर वाढते, खाणं कमी झालं तरी वाढते. इन्सुलिन पूर्ण बंद करू नका, साखर दिवसातून जास्त वेळा मोजा. उलट्या-जुलाब असतील किंवा पोटात काहीच ठरत नसेल तर मेटफॉर्मिन आणि ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणारी औषधं तात्पुरती थांबवावी लागू शकतात. तो फोन त्याच दिवशी करा.

स्टेरॉइड हा सगळ्यात धोक्याचा सापळा आहे. २०२० मधल्या ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी केले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही, उलट नुकसानीची शक्यता दिसली. ताप लवकर उतरावा म्हणून तिसऱ्या दिवशी घरी स्टेरॉइड घेतलं तर विषाणूशी लढणारी यंत्रणाच दाबली जाते, आणि मधुमेह्यांची साखर भरमसाट चढते. ओळखीच्या कोणाची जुनी चिठ्ठी वापरू नका. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, जिवाणूंचा संसर्ग वर आला असेल तरच डॉक्टर देतील.

जास्त धोका असलेल्या माणसासाठी मात्र पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना विचारा: ‘विषाणूविरोधी औषध द्यायचं का?’ निर्मात्रेलव्हिर-रिटोनाव्हिर लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू करावं लागतं. रिटोनाव्हिरचं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी, हृदयाच्या ठोक्यांची, फिट्सची आणि प्रत्यारोपणानंतरची औषधं यांच्याशी पटत नाही. पहिल्या पायरीत केलेली औषधांची यादी इथे कामाला येते. ‘बघू दोन दिवस, आपोआप बरं होईल’ म्हणताना पाच दिवस केव्हा संपतात ते कळत नाही.

१०. थांबायचं नाही अशी लक्षणं

ऑक्सिजनचा आकडा कितीही चांगला असला तरी पुढचं दिसलं की लगेच रुग्णालयात न्या. एका दमात वाक्य पूर्ण करता न येणं. बसल्या जागी धाप. छातीत दुखणं किंवा दडपण. गोंधळल्यासारखं बोलणं, हाक मारल्यावर नीट जागं न होणं. ओठ किंवा जीभ निळी-राखाडी पडणं. सावळ्या त्वचेत ओठांची आतली बाजू आणि नखं पाहा. दिवसभर लघवी न होणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, कारण ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. ताप पूर्ण उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मुलांचा श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाचं वरखाली होणं पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर श्वास वेगाने चाललाय. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध किंवा पाणी घेत नसेल तर आकड्याची वाट पाहू नका. अंगावर पाजणाऱ्या आईला कोविड झाला तरी मास्क लावून, हात धुऊन पाजणं चालू ठेवावं.

रुग्णालयात जाताना वही सोबत न्या. डॉक्टरांना पहिलं वाक्य असं सांगा: ‘वय अमुक, आज सातवा दिवस, ऑक्सिजन सकाळी ९६ होता, आता ९२, मधुमेह आहे, शेवटचा डोस अमुक महिन्यात.’

११. बाहेर कधी पडायचं

तुमच्या देशातला, कामाच्या ठिकाणचा किंवा शाळेचा नियम असेल तो पाळा. नियम नसेल तर अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) मार्च २०२४ मध्ये घालून दिलेला हिशोब वापरण्याजोगा आहे: तापाची गोळी न घेता २४ तास ताप नाही आणि बाकी लक्षणं उतरणीला लागली, तर बाहेर पडता येतं. त्यापुढचे पाच दिवस मास्क, मोकळी हवा आणि वृद्धांपासून अंतर. ‘गोळी न घेता’ हे शब्द सोडू नका. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला ताप मोजणीत धरता येत नाही. घरात केमोथेरपीवरचं माणूस असेल तर मी दहा दिवसांच्या आत त्यांच्या खोलीत विनामास्क जाणं सुचवणार नाही.

काहींना बरं वाटून चार-पाच दिवसांनी लक्षणं परत येतात, विषाणूविरोधी गोळ्या घेतलेल्यांतही आणि न घेतलेल्यांतही. असं झालं तर पुन्हा वेगळं राहा, मास्क लावा आणि २४ तासांची मोजणी नव्याने सुरू करा.

१२. नंतरचे आठवडे

खोकला आणि थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळणं नेहमीचं आहे. कामावर परतताना पहिल्या आठवड्यात निम्म्याने सुरुवात करा. आज जरा जास्त काम झालं आणि उद्या-परवा अंथरुणातून उठवेना, असं होत असेल तर जोर लावून व्यायाम वाढवू नका. थकवा यायच्या आधीच थांबा. जिना चढताना छातीत दुखलं, धडधड झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर व्यायाम बंद करून तपासणी करा. वास गेला असेल तर गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद, मन लावून हुंगा. किमान बारा आठवडे करावं लागतं, मधेच सोडलं तर फायदा कळत नाही. तोवर गॅसची गळती आणि शिळं अन्न ओळखायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.

मुलांवर दोन ते सहा आठवडे नजर ठेवा. पुन्हा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, उलट्या असं एकत्र दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना ‘इतक्या आठवड्यांपूर्वी कोविड झाला होता’ हे आवर्जून सांगा. कोविडनंतर क्वचित होणारा शरीरातल्या अवयवांचा दाह असाच सुरू होतो. मोठ्यांमध्ये तीन महिन्यांनंतरही लक्षणं टिकून असतील तर दीर्घकालीन कोविडसाठी तपासणी करून घ्या. लस घेतलेल्यांत तो कमी आढळतो, पण आढळतो.

पुढचा डोस पूर्ण बरं झाल्यावर आणि विलगीकरण संपल्यावर घेता येतो. सीडीसीच्या म्हणण्याप्रमाणे लागणीनंतर तीन महिने थांबलं तरी चालतं. जास्त धोका असलेल्यांनी ते अंतर डॉक्टरांना विचारून ठरवावं. दोन डोसांच्या मधेच लागण झाली असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा. प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून डोस टाळू नका. किती आकडा असला म्हणजे संरक्षण पुरेसं, याची ठरलेली रेघ नाही. वहीच्या प्रत्येक पानावर शेवटी लागणीची तारीख आणि पुढच्या डोसचा महिना लिहा, आणि ते पान लशीच्या कागदांबरोबर लावून ठेवा.